संगणक अद्ययावत झाला, कार्यालय थांबले

“लिनक्स सरकारी कचेरीत चालत नाही” हे वाक्य गेल्या वीस-बावीस वर्षांत मी निरनिराळ्या शहरांतील निरनिराळ्या कार्यालयांत ऐकले आहे. बोलणारे अधिकारी वेगळे, खाती वेगळी, पण पुरावा मात्र दरवेळी एकच. संगणकाची आवृत्ती बदलली, त्यानंतर नवे काही बसेना, जुने काही निघेना, पडद्यावर दहा ओळींचा इंग्रजी निरोप येऊ लागला आणि काम थांबले. मग कोणीतरी टिपणी लिहितो, टिपणीवर सह्या होतात आणि परवाना विकत घेण्याचा प्रस्ताव वरच्या मजल्यावर जातो. मला असे म्हणायचे आहे की यातील घटना खऱ्या असल्या तरी आरोपी चुकीचा पकडला जातो. आवृत्ती बदलल्यानंतर पॅकेजांचा जो गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा प्रशासनाने स्वतःच्या हाताने घातलेला असतो, आणि त्याचे खापर एका निर्जीव, शिवाय फुकट मिळालेल्या, वस्तूवर फोडणे सर्वांनाच सोयीचे असते.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. लिनक्सच्या संगणकावरील प्रत्येक उपयोजन हे एक किंवा अनेक पॅकेजांच्या रूपात असते. ही पॅकेजे एका मध्यवर्ती भांडारातून येतात आणि ती आणणे, बसवणे, काढणे, त्यांची नोंद ठेवणे हे काम पॅकेज मॅनेजर नावाची व्यवस्था करते. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात ‘डीपीकेजी’ ही व्यवस्था तयार झाली आणि १९९९ च्या २.१ आवृत्तीबरोबर तिच्या जोडीला ‘एपीटी’ आले. उबुंटू हे डेबियनवरच आधारलेले, आणि आपल्या सी-डॅकने २००७ साली आणलेले ‘बॉस’ हेही डेबियनवरच. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम आरपीएम, यम आणि आता डीएनएफ करतात. म्हणजे नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे. प्रत्येक पॅकेज आपल्याला दुसरी कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची, लागतात हे लिहून आणते. त्यांपैकी एक जरी नसेल तर मॅनेजर काम पुढे नेत नाही.

प्रशासनातल्या माणसाला हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये. आपल्याकडे देयक कोषागारात जाते तेव्हा मंजुरीचा आदेश, पावती, भांडार नोंदवहीतील पानाचा क्रमांक हे सर्व जोडलेले असावे लागते. एक कागद कमी असेल तर देयक आक्षेपासह परत येते. तो आक्षेप लिहिणारा लेखापाल कोणालाच आवडत नाही, पण तो नसता तर काय झाले असते हेही आपल्याला ठाऊक असते. पॅकेज मॅनेजर हा असाच लेखापाल आहे. “अमुक पॅकेजला तमुक लागते, परंतु ते उपलब्ध नाही” हा त्याचा आक्षेप असतो. त्याला उत्तर देण्याऐवजी आपण त्याच्यावर बळजबरी करतो आणि नंतर लेखा जुळत नाही म्हणून ओरडतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, असा प्रकार कोठेही घडू शकतो. बंगळूरमधील एका कार्यालयात सुमारे तीस संगणकांवर उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती होती. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मे २०२५ मध्ये संपला. ही तारीख पाच वर्षे आधीपासून जाहीर होती. तरी हालचाल सुरू झाली ती आधार संपण्याच्या आठवड्यात, एका परिपत्रकाची आठवण करून देणारे पत्र आले तेव्हा. वार्षिक देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेने दोन तंत्रज्ञ पाठवले आणि शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झाले. सोमवारी सकाळी काही संगणक सुरूच होत नव्हते, काही सुरू होत होते पण त्यांवर नवे पॅकेज बसत नव्हते, काहींवर डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ओळखले जात नव्हते, आणि उरलेल्यांचे ठीक चालले होते. निवृत्तिवेतनाची प्रकरणे डिजिटल स्वाक्षरीशिवाय पुढे जात नाहीत. ती अकरा दिवस अडली. ज्यांची अडली त्यांना उबुंटू म्हणजे काय हे माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांच्यापैकी एक गृहस्थ रोज दुपारी येऊन बाकावर बसत आणि चार वाजता उठून जात.

पुढे जी टिपणी तयार झाली तिच्यात “लिनक्स प्रणालीतील अंगभूत दोषामुळे” असे शब्द होते आणि तीस संगणकांसाठी परवाने विकत घेण्याची शिफारस होती. त्याच टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर असलेल्या एका मुलीने “अनधिकृत हस्तक्षेप” केल्याने परिस्थिती चिघळली असेही म्हटले होते आणि तिच्या कंत्राटाचा पुनर्विचार सुचवला होता. फाईल माझ्याकडे वित्तीय सहमतीसाठी आली. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, संगणकशास्त्राचा नव्हे. परंतु खर्चाचे कारण तपासणे हे माझे काम आहे, म्हणून मी एवढेच विचारले की त्या तीन दिवसांत कोणत्या संगणकावर कोणत्या क्रमाने काय केले याची नोंद कोठे आहे? उत्तर आले, नोंद ठेवलेली नाही.

हे उत्तर बरोबर नव्हते. माणसांनी नोंद ठेवलेली नव्हती, संगणकांनी ठेवली होती. उबुंटू आणि डेबियनमध्ये एपीटीने केलेल्या प्रत्येक व्यवहाराची दिनांक, वेळ आणि दिलेल्या आज्ञेसह नोंद ‘हिस्टरी लॉग’ नावाच्या फाईलमध्ये होत असते, आणि डीपीकेजीची स्वतंत्र रोजकीर्द असते. गंमत म्हणजे एवढा प्रामाणिक साक्षीदार हजर असतांना चौकशीत त्याला कोणी बोलावलेच नाही. मी ओळखीच्या एका जाणकाराला घेऊन त्या नोंदी कार्यालयप्रमुखांच्या परवानगीने वाचवून घेतल्या. त्यांतून जे निघाले ते क्रमाने सांगतो, कारण असेच गोंधळ सर्वत्र होत असतात.

उबुंटूची आवृत्ती बदलण्यासाठी एक खास साधन दिलेले आहे. ते सुरुवातीलाच डिस्कवर पुरेशी जागा आहे का ते पाहते, बाहेरची भांडारे तात्पुरती बंद करते, आणि अटी पूर्ण नसतील तर काम सुरू करण्यास नकार देते. येथे त्या साधनाने नकार दिला, कारण ‘बूट’ या छोट्या विभागात जागा शिल्लक नव्हती. जागा का नव्हती? गेल्या पाच वर्षांतले जुने कर्नल एकावर एक साचून राहिले होते. आपल्या अभिलेख कक्षात काय असते ते आठवा. अभिलेखांचे वर्गीकरण करून मुदत संपलेले नष्ट करावेत असा नियम आहे, पण नष्ट करण्याच्या यादीवर सही करायला कोणी तयार नसतो, म्हणून मांडण्या भरतात आणि नवी फाईल जमिनीवर ठेवावी लागते. तंत्रज्ञांनी जुने कर्नल काढण्याऐवजी त्या साधनालाच बाजूला सारले. भांडारांच्या यादीत जेथे जेथे ‘फोकल’ हे जुन्या आवृत्तीचे नाव होते तेथे ‘जॅमी’ हे नव्या आवृत्तीचे नाव घातले आणि थेट पूर्ण उन्नयनाची आज्ञा दिली. कोषागाराने आक्षेप घेतला म्हणून मागच्या दाराने रक्कम उचलावी, तसाच हा प्रकार.

पुढचे अपेक्षितच होते. नवा कर्नल उतरला, पण त्याला सुरू होतांना लागणारी प्रतिमा लिहायला बूट विभागात जागा नव्हती. “जागा शिल्लक नाही” असा स्पष्ट निरोप देऊन डीपीकेजी थांबले आणि कर्नलचे पॅकेज ‘अर्धवट मांडणी’ या अवस्थेत राहिले. ही अवस्था म्हणजे बदलीचा आदेश निघाला, जुन्या जागेवरून कार्यमुक्त केले, पण नव्या जागेवर रुजू करून घेतलेच नाही अशा कर्मचाऱ्यासारखी. एक पॅकेज असे अडले की त्याच्यावर अवलंबून असलेली बाकीची पॅकेजेही अडतात. या टप्प्यावर उपाय सोपा होता. वापरात नसलेले जुने कर्नल काढायचे, जागा झाली याची खात्री करायची, आणि मग डीपीकेजीला “अर्धवट राहिलेली सर्व पॅकेजे पूर्ण कर” असे सांगणारी एक ओळीची आज्ञा द्यायची. ते न करता संगणक बंद करून पुन्हा चालू केले. जे संगणक सुरू झाले नाहीत ते असे.

त्या संगणकांवर मग २२.०४ नव्याने बसवले. येथे टोकनचा प्रश्न उभा राहिला. टोकनच्या उत्पादकाने दिलेले चालक-पॅकेज ओपनएसएसएलच्या १.१ या जुन्या ग्रंथालयावर अवलंबून होते. २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची ३ ही आवृत्ती आहे आणि जुने ग्रंथालय तिच्या भांडारात नाही. ही बाब गुप्त नव्हती, आवृत्तीबरोबर जाहीर झालेल्या टिपणांतच होती. पॅकेज मॅनेजरने आक्षेप घेतला. तंत्रज्ञांनी अवलंबित्वाकडे दुर्लक्ष करण्याची सक्ती करून पॅकेज बसवले. त्यानंतर एपीटी कोणतेही नवे पॅकेज बसवण्यास नकार देऊ लागले, सुरक्षेच्या सुधारणासुद्धा, कारण त्याच्या दृष्टीने खातेवहीच जुळत नव्हती. “मोडलेले दुरुस्त करण्याचा पर्याय वापरून पहा” असा निरोप ते देत होते. तो पर्याय वापरला की दुरुस्तीचा एकच मार्ग त्याला दिसे, तो म्हणजे टोकनचे पॅकेज काढून टाकणे. काय काढले जाणार आहे त्याची यादी ते आधी पडद्यावर दाखवते आणि होकार मागते. यादी कोणी वाचली नाही, होकार मात्र दरवेळी दिला. सकाळी टोकन बसवायचे, दुपारी दुसरे काही दुरुस्त करतांना ते उडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवायचे. अशी चार दिवस ये-जा त्या नोंदीत दिसते.

आणखी एका संगणकावर “दुसरी प्रक्रिया कुलूप धरून बसली आहे” असा निरोप येत होता. पार्श्वभूमीवर सुरक्षेच्या सुधारणा आपोआप उतरत असतात, तेवढा वेळ डीपीकेजीला कुलूप असते. दहा मिनिटे थांबले असते तर ते सुटले असते. कुलपाची फाईलच पुसून टाकण्यात आली आणि दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागल्या. त्या संगणकाची दुरुस्ती सर्वांत जास्त वेळ खाऊन गेली.

आणि त्या मुलीचा “अनधिकृत हस्तक्षेप” काय होता? जो संगणक तिच्याकडे होता त्यावर टोकन चालत होते, कारण तेथे तंत्रज्ञ पोचलेच नव्हते. तिने ओपनएसएसएल आणि टोकन यांची पॅकेजे ‘राखीव’ म्हणून चिन्हांकित केली होती, म्हणजे ती बदलली जाणार नाहीत, आणि तसे केल्याचे एका वहीत दिनांकासह लिहून ठेवले होते. संपूर्ण कार्यालयात हातून केलेली ही एकमेव लेखी नोंद. अकरा दिवसांत जेवढ्या थोड्या स्वाक्षऱ्या झाल्या त्या तिच्याच संगणकावर झाल्या. सुरक्षेच्या पॅकेजांना असे कायम राखून ठेवणे योग्य नाही हे मला मान्य आहे, त्यांच्या सुधारणाही थांबतात. पण पर्याय तपासून होईपर्यंत आठ-दहा दिवसांसाठी तेच शहाणपणाचे होते. तो संगणक २०.०४ वरच ठेवून विस्तारित सुरक्षा आधार घेण्याची सोयही उपलब्ध होती.

येथे कोणी म्हणेल, “साहेब, पण एवढे सगळे कारकुनाला कसे कळावे? विंडोजमध्ये असे होत नाही.” यातील दुसरे विधान मी मान्य करत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरात संगणक ओलीस धरले तेव्हा त्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेली होती. ती न बसवलेले संगणक सापडले, आणि त्यांत आपल्याकडील सरकारी संगणकही होते. म्हणजे अद्ययावत न करण्याची किंमत मोजावी लागते आणि अद्ययावत करण्याचे काम कोणीतरी समजून करावे लागते. परवाना विकत घेतल्याने ही गरज संपत नाही. पहिल्या विधानाचे उत्तर असे की कारकुनाला हे कळण्याची गरज नाही. ज्याला देखभालीचे पैसे दिले जातात त्याला कळले पाहिजे, आणि त्याला कळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे.

मी राहतो त्या चामराजपेटेत याचे उलट उदाहरण आहे, म्हणून तेही सांगतो. १८९२ साली म्हैसूर संस्थानाने जुन्या पेटेच्या पश्चिमेला आखलेली ही वसाहत. कन्नड साहित्य परिषद येथेच आहे आणि रामनवमीला फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर जो संगीतोत्सव होतो तोही येथलाच. येथे एका धर्मादाय वाचनालयात सहा जुने संगणक आहेत. शाळकरी मुले आणि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार ते वापरतात. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांची देखभाल करतात. घरात पिढ्यानुपिढ्या मराठी, पण क्रियापदे ऐकली की कन्नडचा शेजार लगेच कळतो. त्यांनीही तीच २०.०४ वरून २२.०४ ही उडी घेतली, दोन रविवारांत, आणि सोमवारी वाचनालय नेहमीच्या वेळी उघडले.

त्यांनी काय वेगळे केले? पहिल्या रविवारी फक्त एकच संगणक घेतला, सर्वांत जुना. बसवलेल्या सर्व पॅकेजांची यादी काढून कागदावर छापली. बाहेरून आणलेली पॅकेजे कोणती याला लाल शाईने खूण केली. कन्नड आणि मराठी टंकलेखनाची व्यवस्था नव्या आवृत्तीत कोणत्या पॅकेजात आहे ते आधीच पाहून ठेवले. जुने कर्नल काढले, मुलांच्या फाईलींची प्रत काढली, आणि आधी नुसती तालीम केली. एपीटीला प्रत्यक्ष काही न करता “काय होईल ते सांग” असे विचारता येते. एके ठिकाणी एक जुने छपाईयंत्र अडले, तेव्हा ते आठवडाभर थांबले आणि उपाय सापडल्यावर बाकीच्या पाच संगणकांना हात लावला. हे सगळे एका दोनशे पानी वहीत लिहिलेले आहे. या माणसाला कोणी पगार देत नाही. आमच्या कार्यालयाच्या कंत्राटदाराला देखभालीसाठी वर्षाला जी रक्कम मिळते ती येथे लिहिण्याची मला परवानगी नाही.

चामराजपेटेसारख्या बंगळूरच्या त्या काळच्या वसाहती पाहतांना मला एका गोष्टीचे फार कौतुक वाटते. घरांच्या रांगांच्या मागे सफाईसाठी अरुंद गल्ल्या आखलेल्या होत्या. वसाहत वसवतांनाच तिची देखभाल कोठून होणार याचा विचार नकाशात होता. आज त्यांतल्या कित्येक गल्ल्यांत कोणाची न कोणाची खोली उभी आहे, तो भाग वेगळा.

आपली खरेदीपद्धती हा विचार मुळातून काढून टाकते. यंत्रसामग्री घेणे हा भांडवली खर्च, तो दिसतो, त्याचे उद्‌घाटन होते. देखभाल हा महसुली खर्च, काटकसरीचा आदेश निघाला की कात्री प्रथम तेथे लागते. त्यातून जे शिल्लक राहते ते सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते. कमी दराने निविदा भरणारा दोन नवखे तंत्रज्ञ शुक्रवारी संध्याकाळी पाठवणार, यात आश्चर्य कसले? शिवाय बिघाड झाल्यावर पुन्हा भेट दिल्याचे पैसे मिळणार असतील तर बिघाड टाळण्यात त्याचा काहीच फायदा नाही. अर्थशास्त्रात याला नैतिक जोखीम म्हणतात आणि एम.ए.च्या पहिल्याच वर्षी ती शिकवतात. मुक्त आज्ञावली फुकट मिळते याचा अर्थ आपण असा लावला की तिच्यावर काहीच खर्च करायचा नाही. परवान्याचे वाचलेले पैसे देखभालीकडे वळवायचे असतात, ते आपण वळवलेच नाहीत. मग परवाना घेण्याचा प्रस्ताव आला की त्यासाठी मात्र पैसे निघतात!

धोरणाची उणीव नाही. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदा काढतांना मुक्त स्रोताचा विचार झालाच पाहिजे आणि तो वगळायचा तर पुरवठादाराने कारण दिले पाहिजे, असे त्यात आहे. आवृत्ती बदलतांना काय करायचे, कोणी करायचे, आधी चाचणी कोठे व्हायची, याबद्दल आमच्या त्या कार्यालयात एक ओळीचाही आदेश नव्हता. धोरण म्हणजे पेरणीचा मुहूर्त, राखण करायला कोणी नाही, अशी ही शेती आहे.

जेथे राखण झाली तेथे पीक आले. केरळचा आयटी@स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये तिने उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी जाहीर केली. त्या वेळी कोट्यवधींच्या बचतीचे जे आकडे वर्तमानपत्रांत आले ते मला फुगवलेले वाटतात. वाचलेल्या परवान्यांच्या छापील किमतीची बेरीज म्हणजे बचत नव्हे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि आवृत्तीची जुळवाजुळव करणारी एक कायमची यंत्रणा आहे. फ्रान्सच्या जाँदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाने २००५ मध्ये आधी फक्त कार्यालयीन आज्ञावली बदलली, २००६ मध्ये ब्राउझर, आणि माणसे रुळल्यावर २००८ पासून उबुंटू आणले. २०१८ च्या सुमारास त्यांचे ७० हजारांच्या आसपास संगणक त्यावर होते. एवढ्या वर्षांत त्यांनीही अनेकदा आवृत्त्या बदलल्या असणार, तेव्हा फ्रान्समधील पोलीस ठाणी अकरा दिवस बंद पडल्याचे ऐकिवात नाही.

विरोधक म्युनिकचे उदाहरण देतात आणि ते दिलेच पाहिजे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेऊन २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. परंतु त्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी महापालिकेच्या विखुरलेल्या संगणक विभागांकडे आणि राजकीय नेतृत्व बदलण्याकडेही बोट दाखवलेले आहे. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणक मुक्त आज्ञावलीवर नेण्याचे ठरवले. तेव्हा म्युनिकवरून मुक्त आज्ञावली अशक्य आहे असे सिद्ध होत नाही, व्यवस्थापन कच्चे असेल तर दहा वर्षांचे कामही उलटते एवढे सिद्ध होते.

मला मान्य केलेच पाहिजे असे एक सत्य विरुद्ध बाजूला आहे. मुक्त आज्ञावलीच्या जगातही निर्णय लादले जातात. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे गृहीत धरून लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की तो २०२१ अखेर संपेल. सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला तेव्हा त्याच्या भांडारांचे जुने पत्तेच चालेनासे झाले आणि यम “पत्ता सापडत नाही” म्हणू लागले. पॅकेजे ‘व्हॉल्ट’ नावाच्या जुन्या संग्रहात हलवली होती, तेथला पत्ता घातला की काम होत होते, पण सुरक्षेच्या सुधारणा काही त्यातून मिळत नाहीत. २०२४ मध्येच उबुंटूला २२.०४ वरून २४.०४ वर नेण्याचा मार्ग खुला केल्यावर उन्नयनाच्या साधनात गंभीर दोष सापडला, आणि तो मार्ग काही काळ बंद ठेवावा लागला. चूक त्यांच्याकडूनही झाली. ती उघडपणे सांगून त्यांनी काम थांबवले, ही पद्धत मात्र आपल्याकडे फारशी नाही.

बंगळूरमध्ये हे सगळे लिहावे लागते याचे मला विशेष वाईट वाटते. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९९६ पासून एका संगणक मासिकाबरोबर लिनक्सच्या तबकड्या देशभर पोचवल्या. २००१ पासून या शहरात लिनक्स-बंगलोर परिषद भरू लागली, पुढे तीच फॉस.इन झाली. २०१३ मध्ये चिटणीस गेले. त्या परिषदांना आलेली कितीतरी मुले आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत आणि ज्या भांडारांतून आपण पॅकेजे घेतो त्यांत त्यांचेही काम आहे. त्याच शहरातील सरकारी कार्यालयात पडद्यावरचा दोन ओळींचा निरोप शेवटपर्यंत वाचणारा माणूस सापडू नये?

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक मोठ्या कार्यालयाने, किंवा चार लहान कार्यालयांनी मिळून, भांडाराची स्वतःची प्रत ठेवावी आणि संगणकांनी पॅकेजे तेथूनच घ्यावीत. म्हणजे चाचणी न झालेले काही खाली उतरणार नाही. एक संगणक केवळ चाचणीसाठी असावा, त्यावर रोजच्या वापरातील टोकन, छपाईयंत्र, स्कॅनर सर्व जोडलेले असावे. देखभालीच्या निविदेत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यावेत, सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये सल्लागार निवडतांना गुणवत्ता आणि खर्च दोन्ही पाहण्याची वाट आहेच, तीच इथेही का नसावी? टोकनसारख्या वस्तू घेतांना पुरवठादाराकडून लिहून घ्यावे की पुढच्या आवृत्तीसाठी चालक-पॅकेज अमुक मुदतीत मिळेल. कर्नाटकातील कचेऱ्यांनी ‘नुडी’च्या जुन्या टंकांतील कागदपत्रे युनिकोडमध्ये आणतांना जे भोगले, आणि महाराष्ट्रात आपण निरनिराळ्या खासगी मराठी टंकांपायी जे भोगले, त्यानंतर तरी असे लिहून न घेता खरेदी करायला हात धजू नये. आणि सक्तीचा पर्याय वापरायचा झाला तर तो कोणाच्या आदेशाने वापरला त्याची लेखी नोंद हवी. खजिन्याच्या चावीसाठी दुहेरी कुलूप ठेवणारे आपण, संगणकाच्या प्रशासक-संकेतशब्दाची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवतो.

त्या फाईलवर मी सहमती दिली नाही. हिस्टरी लॉगमधील संबंधित ओळी मराठीत नव्हे, इंग्रजीतच, जोडपत्र म्हणून लावल्या आणि चार प्रश्न विचारले. उन्नयनाच्या साधनाने दिलेला नकार कोणी आणि का डावलला? टोकनच्या पॅकेजाची सुसंगती आधी कोणी तपासली? कंत्राटदाराकडून दंड वसूल करण्याचे कलम लागू का केले नाही? आणि ज्या कर्मचारी मुलीच्या संगणकावर काम चालू राहिले तिच्याविरुद्ध शिफारस कोणत्या पुराव्यावर केली? टोकनच्या उत्पादकाकडे नव्या आवृत्तीचे पॅकेज तयारच होते. ते मागणारा एक ईमेल बाराव्या दिवशी गेला, आणि उत्तर त्याच संध्याकाळी आले. तिच्या कंत्राटाला सध्या तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली आहे. माझ्या चार प्रश्नांना हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.